तुलूजच्या चिठ्ठीवर कबड्डीचा शिक्का

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. शांतालासुद्धा नाही. शांता म्हणजे माझी बायको—आणि छत्तीस वर्षांच्या संसारात तिच्यापासून मला दोनच गोष्टी लपवता आल्या. एक, साखरेचा आजार असून बसस्टँडसमोर उभ्या उभ्या खाल्लेली जिलेबी. दुसरी ही. जिलेबीचं तिला कधीच कळून चुकलं आहे, कारण शर्टावर पाक सांडतो. ह्या दुसऱ्या गोष्टीचा मात्र कुठे डाग पडला नाही. म्हणजे—पडला, पण तो दुसऱ्याच्या शर्टावर.

घाबरू नका, ही रडगाण्याची गोष्ट नाही. यात सगळं चांगलंच झालं. मुलगी परदेशी गेली, शिकली, नोकरीला लागली. आमच्या घरात हा किस्सा निघाला की लोक पोट धरधरून हसतात. सोयरे मंडळी तर मुद्दाम काढायला लावतात. मीही हसतो. खरं सांगू? सगळ्यात मोठ्यानं मीच हसतो.

आता गोम कुठे आहे ते सांगतो—पण आधी मी कोण ते सांगू द्या, नाहीतर तुम्हाला वाटेल हा माणूस वेडा आहे की काय.

मी आदिलाबादचा. तहसील कचेरीत कारकून होतो, सहा वर्षांपूर्वी रिटायर झालो. आमच्या खात्यात निजामाचं राज्य जाऊन जमाना झाला तरी दरखास्त ही दरखास्तच राहिली, दस्तखत हे दस्तखतच, आणि मोहर ही मोहर. टेबलासमोर माणूस आला, कागद पुढे केला, की वरचे साहेब मान वर न करता तेलुगूत एकच विचारायचे—‘सील उंदा?’ शिक्का आहे का? माणूस जिवंत समोर उभा असायचा, त्याच्या जिवंत असल्याच्या दाखल्यावर शिक्का नसला तर तो परत जायचा. मी स्वतः परत पाठवलेत. असली नोकरी आयुष्यभर केल्यावर माणसाची नजर कशी होते सांगू? कागदावर काय लिहिलंय ते दिसतच नाही. कोपऱ्यात जांभळं गोल आहे की नाही, तेवढंच दिसतं.

आमची एकुलती एक प्रज्ञा. हैदराबादला इंजिनिअर झाली, पुढे पाण्याच्या शास्त्रात शिकायचं तिनं मनावर घेतलं आणि फ्रान्समध्ये तुलूज नावाच्या शहरात तिला प्रवेश मिळाला. माझे वडील दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायचे. त्यांची नात विमानात बसणार! प्रवेशाची चिठ्ठी आली त्या दिवशी मी कचेरीत सगळ्यांना पेढे वाटले, ज्यांच्याशी बोलत नव्हतो त्यांनाही.

पण लांब मुक्कामाचा व्हिसा म्हणजे काय पोरखेळ असतो? कागदांची यादी आली, तिच्यात सातव्या क्रमांकावर होतं—राहण्याच्या जागेचा पुरावा. तिकडे पोचायच्या आधीच तिकडे कुठे राहणार ते दाखवा. मला ही अट फार आवडली. म्हटलं, वा, हे लोक आपल्या खात्यातले दिसतात.

विद्यापीठाची वसतिगृहं भरलेली होती. एकाने इंटरनेटवर खोली दाखवली, फोटोत खिडकीतून समुद्र दिसत होता. प्रज्ञा म्हणाली, ‘बाबा, तुलूजला समुद्रच नाई.’ शेवटी विद्यापीठाकडून एक यादी मिळाली, विद्यार्थ्यांना घरात खोली देणाऱ्या कुटुंबांची. तिच्यात होत्या ओदेतबाई. सत्तरीच्या, शाळेतून रिटायर झालेल्या, एकट्या. घरामागे कोंबड्या. त्यांना व्हिडिओवर बोलायचं होतं.

त्या दिवसाची मजा काय सांगू? मी कोट घातला. मे महिना, आदिलाबाद, आणि मी कोटात. समोर टेबलावर प्रज्ञाच्या दहावीपासूनच्या मार्कलिस्टा मांडून ठेवल्या, बाई विचारतील म्हणून. बाईंनी काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं की मुलीला कोंबड्यांची भीती वाटते का. प्रज्ञा नाही म्हणाली. आणि तेवढ्यात मागून माझा साळा मधुकर खाकी युनिफॉर्ममध्येच घरात घुसला, कॅमेऱ्यासमोर वाकला, आणि ओरडला, ‘जय भीम, मॅडम!’ बाई दचकल्या, मग हसल्या, मग हात वर करून म्हणाल्या, ‘जेबीम!’ झालं—खोली पक्की.

मधुकर. याच्याबद्दल सांगायचं आहे म्हणून तर हे सगळं चाललंय.

शांताचा धाकटा भाऊ. आदिलाबाद-हैदराबाद गाडीवर कंडक्टर. त्याची खांद्याला लावायची एक काळी बॅग होती, आणि त्या बॅगेवर आमच्या गुडीहत्नूरकडच्या चार गावांचा संसार चालायचा. कुणाचं पोरगं हैदराबादला शिकतं, त्याला आंबाडीचा ठेचा पाठवायचा—मदूच्या बॅगेत. कुणाचा रिपोर्ट मोठ्या दवाखान्यात दाखवायचा—मदूच्या बॅगेत. सर्टिफिकेट, चष्मा, औषध, एकदा तर नव्या नवरीचा विसरलेला चुडा. कधी काही हरवलं नाही, कधी कुणाकडून चहाच्या वर काही घेतलं नाही. रस्त्यात लोक हाक मारायचे, ‘मदूभाऊ, चाल्ले का?’ आणि हा छाती काढून म्हणायचा, ‘चाल्लो नं. काय न्याचं हाय?’ त्याला पोरबाळ नाही. प्रज्ञाला सायकल त्यानंच शिकवली. तिच्या गुडघ्याला खरचटलं तेव्हा हा रडला होता, ती नाही.

तर ओदेतबाईंची चिठ्ठी आली. पोस्टाने, खरीखुरी, कारण व्हिसावाल्यांना मूळ कागद लागतो. प्रज्ञा तेव्हा हैदराबादला होती, अर्ज भरायची तारीख चार दिवसांवर होती. मी पाकीट हात धुऊन उघडलं. आत एक साधा पांढरा कागद. निळ्या शाईनं हातानं लिहिलेला. खाली सही. सोबत त्यांच्या ओळखपत्राची आणि विजेच्या बिलाची झेरॉक्स.

बस?

मी कागद उलटा केला. उजेडात धरला. लेटरहेड नाही, स्टॅम्पपेपर नाही, नोटरी नाही, आणि—शिक्का नाही. प्रज्ञाला फोन केला. ती म्हणाली, ‘बाबा, त्यांच्याकडं असंच असते. त्यात लिहिलंय की मी, खाली सही करनारी, माझ्या इमानावर जाहीर करते की ही मुलगी माझ्या घरी राहीन. इमानावर म्हटलं की झालं. तुमी कायी करू नका. आहे तसा द्या.’

तुमी कायी करू नका. स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, म्हणजे मला पुढे सुटायला वाट नको.

पण इमानावर? अहो, इमानावर चालणारा कागद मी जन्मात पाहिला नव्हता! समोरच्या खिडकीवर बसलेला माणूस विचारणार, सील उंदा?—आणि माझी पोरगी तिथं हात हलवत उभी राहणार. बापानं कचेरीत आयुष्य काढलं आणि मुलीचा कागद असा बोडका पाठवला? मला चैन पडेना. दुपारी शांता विहारात गेली होती. मी कपाटावरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला.

त्या डब्यात एक शिक्का होता. आमच्या जवानीत गावात एक मंडळ होतं, नवतरुण कबड्डी मंडळ. मधुकर अध्यक्ष, कारण तो सगळ्यांत चांगला खेळायचा. मी सेक्रेटरी, कारण माझं अक्षर चांगलं आणि मला खेळता येत नव्हतं. मंडळाच्या तीन वर्षांत आम्ही एकही ढाल जिंकलो नाही, पण शिक्का मात्र झकास बनवून घेतला होता. पोरांची लग्नं झाली, मंडळ मोडलं, शिक्का माझ्याकडे राहिला. सगळे विसरले.

आता तुम्ही म्हणाल, फ्रान्सच्या बाईच्या चिठ्ठीवर कबड्डीचा शिक्का? पण माझा हिशेब ऐका. शिक्का मारण्याची एक कला असते. टेकवताना मनगट जरासं फिरवायचं. बाहेरचं गोल दिसतं, आतली अक्षरं फिसकटतात. शिक्का आहे हे कळतं, कशाचा ते कळत नाही. कचेरीत या कामात माझा हात कुणी धरत नव्हतं. आणि समजा कळलंच, तरी फ्रेंच लोकांना कुठे मराठी वाचता येतं?

पॅडवर ताजी शाई टाकली. शिक्का दाबला. चिठ्ठीवर ठेवला. आणि—मुलीचं काम म्हणून फार जपून टेकवला म्हणा—मनगट फिरवायचं राहून गेलं.

असा सुंदर उमटला! इतक्या वर्षांचं रबर, पण एक रेघ तुटली नाही. गोलात अक्षरं—नवतरुण कबड्डी मंडळ. आणि मधोमध दंड थोपटून उभा एक पैलवान. बाईंच्या सहीच्या बरोबर शेजारी.

क्षणभर घाम फुटला. मग—तुम्हाला पटणार नाही—मला बरं वाटलं. कागदाला वजन आलं होतं. मी कागद वाळवला, घडी करून लिफाफ्यात ठेवला, लिफाफा मधुकरच्या हाती दिला आणि सांगितलं, ‘उघडू नको. पोरीच्याच हाती दे.’ त्यानं तो बॅगेच्या आतल्या कप्प्यात, स्वतःच्या डब्याखाली नाही तर वर ठेवला, तेल लागू नये म्हणून. आणि सकाळी हैदराबादच्या बसस्टँडवर प्रज्ञाच्या हाती दिला. ती तिथून थेट व्हिसाच्या खिडकीवर गेली.

खिडकीवरची बाई निघाली नांदेडची.

नांदेड! इथून तीन-चार तासांचा रस्ता. फ्रान्सच्या कामाला मराठी बाई बसलेली असेल हे कुणाच्या स्वप्नात येईल? प्रज्ञा नंतर सांगायची, त्या बाईनं चिठ्ठी वाचली, थांबली, चष्मा काढला, परत लावला, आणि शुद्ध मराठीत विचारलं, ‘तुम्ही तिकडे शिकायला चालला आहात की कबड्डी खेळायला?’

आज हसू येतं. त्या दिवशी नाही आलं. परका शिक्का मारलेला कागद घेता येणार नाही म्हणून फाइल परत केली. नवीन चिठ्ठी आणा, नवीन तारीख घ्या. आणि नवीन तारखेपर्यंत तिकडचे वर्ग सुरू व्हायला आले असते.

फोन आला तेव्हा घरात शेजारच्या बाया बसल्या होत्या, चांगली बातमी ऐकायला. शांतानं फोनचा आवाज मोठा केला. पलीकडून प्रज्ञाचा आवाज, कोरडा ठाक—‘बाबा, चिठ्ठीवर कबड्डी मंडळाचा शिक्का कोनं मारला?’

आता बघा, किती सोपं होतं. ‘मी.’ एक अक्षर. कुणी मेलं असतं का? शांतानं चार दिवस बोलणं टाकलं असतं, शेजारणी हसल्या असत्या, इतकंच. पण मी त्या घरातला कागदांचा जाणकार होतो ना! गल्लीतल्या सगळ्यांच्या दरखास्ती माझ्याकडून लिहून घ्यायचे. आणि मीच—

मी गप्प बसलो. शांता मात्र बसली नाही. ‘कबड्डी म्हंजे दुसरं कोन? मदूच! अध्यक्ष नं थो!’

आणि मग मी एक वाक्य बोललो. त्या वाक्यासाठी हे सगळं लिहितो आहे. मी म्हणालो, ‘लिफाफा त्याच्याच बॅगेत होता.’

यात खोटं काही आहे का सांगा. लिफाफा त्याच्याच बॅगेत होता. कोर्टात टिकेल असं वाक्य आहे. आम्ही कचेरीत हेच शिकलो, एकेक शब्द खरा ठेवून सगळा कागद खोटा कसा करायचा. जन्मभर परक्यांच्या फाइलीवर केलं, त्या दिवशी घरच्या माणसावर केलं.

मधुकर दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून सरळ आमच्याकडे आला. शांतानं त्याला उंबऱ्यातच धरलं. तो गोंधळून गेला. ‘आईच्यान सांगतो ताई, म्या लिफाफा उघडलाच नाई,’ म्हणाला. मग माझ्याकडे वळला. ‘भाऊजी, तुमीच सांगा इले. तुमाले तं मालूम हाय मी कसा हाव थो.’

मला मालूम होतं. माझ्याइतकं कुणालाच मालूम नव्हतं. आणि मी काय केलं? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि शांताला म्हणालो, ‘जाऊ दे. झालं ते झालं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं.’

वाचलंत ना? मी त्याला माफ केलं.

शेजारणी म्हणाल्या, मन मोठं आहे बाई उत्तमभाऊंचं. मधुकर माझ्याकडे बघत राहिला, रागानं नाही, तसं बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तो आठवत होता. स्वतःलाच चाचपत होता. शांता रडायला लागली तेव्हा हात जोडून म्हणाला, ‘बरं बाई, माह्याच हातून झालं असन. जुना शिक्का बॅगेत पडून असन कुठं, दाबल्या गेला असन.’ बहिणीचं रडणं थांबावं म्हणून म्हणाला. आणि ते थांबलं.

तिकडे ओदेतबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणे इतक्या हसल्या की कोंबड्या उडाल्या. त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली, आणि मी अकरा दिवस फाटकाशी उभा राहून पोस्टमनची वाट पाहिली. ती न्यायला प्रज्ञा स्वतः आली. मधुकर तेव्हा घरातच होता, पण चिठ्ठी त्याच्यासमोर कुणी टेबलावरसुद्धा ठेवली नाही. विमानाच्या चार दिवस आधी व्हिसा झाला. शांतानं साऱ्या गल्लीला खीर खाऊ घातली, विहारात वंदना झाली, आमच्या घरावरून वरात जावी तशी माणसं आली. मी नाचलो. खरंच नाचलो, कोटात.

हैदराबादच्या विमानतळावर सगळेच जाणार होतो. मधुकरनं महिनाभर आधी रजा टाकली होती, पांढरा शर्ट शिवून घेतला होता. निघायच्या दिवशी शांता त्याला म्हणाली, ‘तू नको येऊ मदू. आता पुन्हा कायी नाट लागाले नको.’ तो शर्ट घालून तयार उभा होता. ‘बरं बाई,’ म्हणाला. मी तिथंच होतो, बॅगेला कुलूप लावत होतो. दोन वेळा किल्ली फिरवली. मान वर केली नाही.

त्यानंच सामान गाडीत चढवलं. खिडकीतून प्रज्ञाच्या हातात भाजलेली कणसं दिली, मीठ-तिखट वेगळं बांधून. गाडी हलली तेव्हा तो बसस्टँडवर उभा, पांढऱ्या शर्टात, दोन्ही हात हलवत. प्रज्ञा म्हणाली, ‘मामा काऊन नाई आला?’ शांता खिडकीबाहेर बघू लागली. मी मीठ-तिखटाची पुडी सोडायला घेतली.

त्यानंतर हळूहळू लोकांनी त्याच्या हाती लिफाफे द्यायचं सोडलं. वाईट मनानं नाही हो, थट्टेनं. ‘मदूभाऊ, यावर शिक्का नको मारजो बरं!’ म्हणायचे, हसायचे, आणि लिफाफा कुरिअरने पाठवायचे. मग तोच नको म्हणायला लागला. ‘नको बाप्पा, माह्या हातानं कायचं काय होते.’ ती काळी बॅग अजून त्याच्या खांद्यावर असते. तिच्यात आता तिकिटाची मशीन आणि त्याचा डबा, एवढंच.

आणि किस्सा मात्र वाढत गेला. तोच सांगतो आता, प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात. खिडकीवरच्या नांदेडच्या बाईची नक्कल करतो, पैलवानासारखे दंड थोपटतो. न केलेल्या चुकीला त्यानं इतकं सजवलंय की मला एखादे वेळी वाटतं, खरंच त्यानंच केली असेल. असं वाटायला किती बरं वाटतं म्हणून सांगू!

ह्या हिवाळ्यात प्रज्ञा आली, आणि सोबत ओदेतबाई. वय सत्त्याहत्तर, पायात खेळाडूचे बूट. बसमधून उतरल्या आणि शांताला नाही, मला नाही, थेट मधुकरला म्हणाल्या, ‘जेबीम!’ त्याला जे काय झालं ते पाहायला हवं होतं तुम्ही. मधुकरच्या दोस्ताच्या वावरात हुरडा ठेवला होता. बाई मांडी घालून बसल्या, हात काळे करून हुरडा खाल्ला, आंबाडीच्या ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा मागितला. मी आयुष्यात इतका आनंदाचा दिवस पाहिला नाही. मधुकरनं किस्सा सांगितला, प्रज्ञा फ्रेंचमध्ये सांगत गेली, बाई हसून हसून आडव्या झाल्या. म्हणाल्या, प्रज्ञानं नेऊन दिलेली ती शिक्क्याची चिठ्ठी माझ्या स्वयंपाकघरात चौकटीत लावली आहे. आणि पिशवीतून एक छोटी वही काढली. त्या जिथं जातात तिथला शिक्का त्या वहीत घेतात. म्हणाल्या, अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं शिक्का मारून द्यावा.

मधुकर खुलला. मग त्याचा चेहरा पडला. ‘कुठं गेला बाप्पा थो शिक्का?’ आणि माझ्याकडे वळून अगदी साधेपणानं म्हणाला, ‘भाऊजी, सेक्रेटरी तं तुमी व्हते नं. तुमच्या घरी तं नाई?’

सगळे आमच्या घरी आले. शिक्का शोधायला. शांतानं ट्रंक उपसली, प्रज्ञानं टेबलाचे खण, ओदेतबाईसुद्धा वाकून पलंगाखाली बघत होत्या. आणि मी? मी स्टूल घेऊन कपाटावर चढलो, कारण दुसरं कुणी चढायला नको होतं. बिस्किटांचा डबा हातात घेतला. आत तो खडखडला. शांता म्हणाली, ‘त्यात काय हाय?’

‘सुया-दोरे,’ मी म्हणालो.

त्या वेळी तर शब्दसुद्धा खरे नव्हते.

शिक्का सापडला नाही. मधुकरनं बाईंच्या वहीत पेनानं एक गोल काढला, त्यात हातपाय फाकलेला एक पैलवान काढला, तो बेडकासारखा दिसत होता, आणि खाली सही केली—अध्यक्ष. सगळे हसले. बाईंनी त्या चित्रावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाल्या. प्रज्ञानं सांगितलं, ‘त्या म्हणतात, हाच खरा. हा तुमच्या हातचा हाय.’

मधुकरनं मान खाली घातली. लाजला होता. मी स्टुलावरून अजून उतरलो नव्हतो.

बाई परत गेल्या त्याला आता आठवडा झाला. तुम्हाला सांगायचं ते सांगून झालं. आता एक कागद लिहायचा राहिला होता, तो आज सकाळी लिहिला. साधा, पांढरा. निळी शाई.

मी, खाली सही करणारा उत्तम, राहणार आदिलाबाद, माझ्या इमानावर जाहीर करतो की तुलूजच्या चिठ्ठीवर शिक्का मी मारला. काही करू नका, कागद आहे तसा द्या, असं मला सांगितलेलं होतं. मधुकरनं लिफाफा मी दिला तसा पोचवला. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

कागद लिफाफ्यात घातला. उद्या सकाळी बसस्टँडवर जाऊन तो मधुकरच्या हाती देणार आहे. तो म्हणेल, नको भाऊजी, माह्या हाती नका देऊ. मग वरचं नाव वाचेल. नाव त्याचंच आहे. सोबत बिस्किटांचा डबा आहे, त्यात शिक्का आहे. ह्या कागदावर तो मारलेला नाही.